होडीचा भोपळा

“एवढं आटोपलं की मी निघालेच.”

हे वाक्य तिच्या तोंडी इतकं बसलं होतं की गल्लीने तिला नावच पाडलं होतं, निघालेबाई. कुणी घडीभर बसायला बोलावलं, कुणी बाजारात येतेस का म्हणून विचारलं, की हातातलं खुरपं न थांबवता ती हेच म्हणायची. खोटं बोलायची असं नाही. बोलताना तिचं तिला ते अगदी खरं वाटायचं. फक्त ते ‘एवढं’ काही संपायचं नाही. एक एवढं आटोपलं की त्याच्या आडून दुसरं एवढं मान वर काढायचं, आणि दिवस मावळायचा. असे दिवस साठत साठत दहा वर्षं झाली होती, आणि दहा वर्षांत निघालेबाई बाजारापलीकडे गेली नव्हती.

तिला समुद्र बघायचा होता.

तिची थोरली बहीण समुद्रकाठच्या एका गावात राहायची. शाळेतल्या मुलांचं जेवण रांधायची, एका खोलीत एकटीच असायची. त्या खोलीच्या जिन्यात सातव्या पायरीवर उभं राहिलं की समोरच्या दोन घरांच्या मधून समुद्र दिसतो, असं ती दर वेळी फोनवर सांगायची. सगळा नाही दिसत, म्हणायची, दार किलकिलं केल्याएवढाच दिसतो. पण हलताना दिसतो. तो हलताना दिसणारा समुद्र निघालेबाईच्या डोक्यात जाऊन बसला होता. ताईला सुट्टी मिळायची ती नेमकी पानगळीच्या दिवसांत. आणि पानगळीच्या दिवसांत निघालेबाईला मरायलाही फुरसत नसायची.

कारण घरामागची बाग.

पुढून पाहिलं तर ते घर नजरेत भरण्यासारखं नव्हतं. दोन खिडक्या, एक दार, दारापुढे फाटकं तरटाचं पायपुसणं. पण स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की माणूस उंबऱ्यावरच थबकायचा. उन्हाळाभर बाग मागत असते. पाणी माग, खत माग, आधाराला काठी माग. पानगळीचे दिवस आले की ती द्यायला लागते, आणि एकदा द्यायला लागली की हात आखडत नाही. सकाळचं ऊन तिरपं होऊन घेवड्याच्या मांडवातून यायचं, आणि वाळलेल्या शेंगा वाऱ्याने हलल्या की आतले दाणे खुळखुळायचे. बीटांचे खांदे मातीतून वर आलेले असायचे. कोबीचा गड्डा दोन्ही हातांत धरून दाबला की कोऱ्या चपलेसारखा कुरकुरायचा. टोमॅटो तोडले की बोटांना हिरवा, तुरट वास लागायचा, तो साबणानेही जायचा नाही, आणि तिला तो घालवायचाही नसायचा. लसणाच्या वेण्या खिडकीला, कांदे जाळीवर, मिरच्या दोऱ्यात ओवलेल्या. सफरचंदं माळ्यावरच्या फळ्यांवर, एकेक कागदात गुंडाळून, एकाला दुसऱ्याचा स्पर्श होऊ न देता मांडलेली. पहिलं पिकलेलं सफरचंद मात्र ती कुणाला न सांगता झाडाखालीच उभ्याने खायची. रस कोपरापर्यंत ओघळायचा. ते खाताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघायला तिथे एक साळुंकी सोडून कुणी नसायचं.

तर सुख होतं. ते कुणी नाकारू नये. पण ते सुख मांडीवर झोपलेल्या तान्ह्या मुलासारखं होतं. पायाला मुंग्या येतात, तहान लागते, बाहेरून कुणी हाका मारतं, आणि उठता मात्र येत नाही.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा मागे फुटक्या विटांचा ढीग होता. ती शर्टांच्या कारखान्यात कामाला होती. एकोणीस वर्षं तिने बाह्या शिवल्या. त्याही डाव्या. उजव्या शिवणारी पलीकडे बसायची, कॉलरवाली तिच्याही पलीकडे. अख्खा शर्ट कसा दिसतो ते बघायचं तर बाजारात जाऊन दुकानाच्या काचेपुढे उभं राहावं लागे. कारखाना बंद पडला तेव्हा ती घरी आली, मागचं दार उघडून पायरीवर बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून विटा उचलायला लागली. ढीग हलवायला एक हिवाळा गेला. मग माती आली, मग वाफे आले. बी टाकण्यापासून ताटात येईपर्यंत सगळं आपल्याच हातचं, अशी एकुलती एक गोष्ट तिच्या आयुष्यात ती बाग होती. तिने ती बाग केली, आणि मग हळूहळू बागेने तिला केलं.

तिचा नवरा मापं तपासणारा. तीस वर्षं दुकानोदुकानी हिंडून तराजू खरा आहे की खोटा ते पाहायचं, वजनांवर शिक्का मारायचा, ही त्याची नोकरी. गल्ली त्याला मापसाहेब म्हणायची. भाजीवाल्याने फुलकोबी दांड्यासकट तराजूत टाकली की मापसाहेब स्वतःच्या हाताने दांडा मोडून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, निव्वळ माल तोला, दांडे घरी न्या. या बाबतीत त्यांनी ना ओळखीच्याला सोडलं, ना पाहुण्याला. सहा वर्षांपूर्वी नोकरी संपली, गुडघा धरला, आणि मापसाहेब मागच्या पायरीवर येऊन बसायला लागले. बसून बागेचं कौतुक करायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की आमच्या घरात बाजारची भाजी येत नाही. ‘आमच्या’वर जरा जोर असायचा. खुरपं मात्र त्यांनी कधी हातात धरलं नाही.

त्यांनी तिला कधी अडवलं असंही नाही. हीच तर सगळ्यात मोठी अडचण. ताईचा फोन आला की ते म्हणायचे, “जा की. मी कुठे धरून ठेवलंय?” आणि मग जरा थांबून, चष्मा पुसत, अगदी सहज, “फक्त त्या शेंगांचं काय करायचं तेवढं सांगून जा.” एखाद्या वर्षी शेंगा, एखाद्या वर्षी सफरचंदं, एकदा टोमॅटो असे काही लागले की अंगणात पाय ठेवायला जागा नाही. शेंगांचं काय करायचं हे सांगण्यापेक्षा ते करणं सोपं, म्हणून ती करायला बसायची. करून होईपर्यंत गाडी गेलेली असायची. अडवणारा माणूस असता तर त्याच्याशी भांडून निघता आलं असतं. इथे दार सताड उघडं होतं आणि ती आत होती.

आता भोपळ्यांचं सांगायला हवं.

भोपळा नारळाएवढा झाला की त्याची साल अजून कोवळी असते. तेव्हा निघालेबाई विणकामाची सुई घेऊन त्याच्यावर एक खूण कोरायची. अगदी वरवर, नखाने ओरखडावं तशी. भोपळा वाढतो तशी खूणही वाढते, जखम भरून येते, आणि पानगळीपर्यंत पिवळ्या सालीवर पांढरट दोरी चिकटवावी तशी ती उठून दिसते. अक्षरं फुगली की वाचता येत नाहीत, म्हणून ती चित्रंच काढायची. शेजारच्या न्हाव्याच्या घरासाठी कात्री. निवृत्त मास्तरीणबाईंसाठी चष्मा. कुलपं करणाऱ्यासाठी किल्ली, सुईणीसाठी पाळणा, पाववाल्यासाठी पाव. उन्हाळ्यातच ठरलेलं असायचं कोणता कुणाचा. न्हाव्याची बायको तर भिंतीवरून वाकून आपल्या कात्रीची चौकशी करायची, “आमची किती वाढली? का यंदा नुसती नखं कापायचीच निघणार?”

आणि दर वर्षी एका भोपळ्यावर होडी. ती ताईची. स्वतःच्या हाताने न्यायची.

दहा होड्या निघाल्या, आणि दहाही याच घरात राहिल्या. माळ्यावर, बाकीचे वाटून झाल्यावर एकटीच उरलेली होडी हिवाळाभर असायची. वसंतात साल सुरकुतली की निघालेबाई ती गुपचूप कापायची. गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवता आली असती. पण पाठवली की जायचं कारणच संपलं, म्हणून तिने कधी पाठवली नाही.

यंदा ताईचा फोन आला तो पानं पिवळी पडायच्या आधीच. निघालेबाई दाणे सोलत होती. फोन खांद्याने कानाशी धरून तिने सवयीने सुरुवात केली की ताई, एवढं आटोपलं की. ताईने तिला तिथेच थांबवलं.

“ऐक, धाकटे. पुढच्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी मी खोलीची किल्ली परत देते आणि लेकाकडे जाते. विमानाने. तिथून परत यायचं मला जमेल असं वाटत नाही, आणि तूही तसं धरून चालू नकोस. त्याच्या आदल्या शनिवारची गाडी धर. आलीस तर पाच-सहा दिवस आपण दोघी. नाही आलीस तर मी रुसायची नाही. पण मग यापुढे एवढं आटोपलं की, असं मला म्हणायचं नाही.”

उन्हाळ्यात समुद्राकडे रोज गाडी असते. पानगळ सुरू झाली की आठवड्याला एकच, शनिवारी सकाळी साडेआठला, गल्लीच्या तोंडाशी. म्हणजे ही गाडी शेवटची. चुकली तर ताई चुकली, आणि सातवी पायरीही.

निघालेबाईने त्या दिवसापासून बागेला कामाला लावलं. गाडीच्या आठवड्यात सोमवारी घेवडा उपटून दाणे काढले. मंगळवारी बीट-गाजरं वाळूच्या पेटीत पुरली. बुधवारी सफरचंदं, शिडीवर चढ, उतर, कागद फाड, गुंडाळ, मांड. गुरुवारी काकड्या मिठाच्या पाण्यात घातल्या, टोमॅटोचा रस आटवून बाटल्यांत भरला, आणि रात्रीचं जेवण उभ्याउभ्या उरकलं. मापसाहेब पायरीवरून बघत होते. यंदा ती खरंच निघणार हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. गुरुवारी त्यांनी दोनदा विचारलं की चहाची साखर कोणत्या डब्यात असते.

शुक्रवारी उरले ते भोपळे. रेडिओवर सांगितलं होतं की रात्री पारा घसरणार, दहिवर पडणार. म्हणजे पहाटे दंव गोठून पानोपानी पांढरं व्हायचं, आणि त्यात कोवळं काही टिकत नाही. भोपळे वेलावरून काढून, अंगणात उन्हाला मांडून, संध्याकाळी माळ्यावर चढवले की झालं. अर्ध्या दिवसाचं काम. त्याआधी तिकीट काढून यावं आणि प्रवासी पिशवीचा तुटलेला पट्टा शिवून आणावा म्हणून ती बाजारात गेली. पट्टा शिवणाऱ्याकडे आधी दोन गिऱ्हाइकं होती. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस जेवायला गेला होता. तिला परतायला दुपार झाली. येताना मात्र ती जरा झपझप चालत होती, आणि हातातलं तिकीट तिने पिशवीत टाकलं नव्हतं, मुठीतच ठेवलं होतं.

मागचं दार उघडलं आणि तिला अंगणात भोपळे दिसले. सगळे. धुऊन पुसून, लहानमोठे बघून ओळीने लावलेले. प्रत्येकाच्या पोटावर खडूने वजन लिहिलेलं. मधोमध जुना तराजू, आणि तराजूपाशी, बाह्या वर सारलेले, घामाने डबडबलेले मापसाहेब.

“बावीस,” ते म्हणाले. “मोठा चष्म्याचा, साडेसात किलो भरला. निव्वळ. तुझं काम हलकं केलं.”

तिने भोपळ्यांच्या डोक्यांकडे पाहिलं. जिथे बोटभर जाडीचा, कोरडा, पिळदार देठ असायला हवा तिथे प्रत्येकाला एक ओला खळगा होता. खळग्यात रसाचा थेंब चमकत होता.

“देठ कुठे आहेत?”

त्यांनी बादली दाखवली. बादलीत बावीस देठ होते. “खतात जातील ना ते?” त्यांनी विचारलं.

न्हाव्याची बायको भिंतीपलीकडे दोरीवर कपडे घालत होती. तिला एवढं कळत होतं. तिचे हात थांबले.

देठ म्हणजे भोपळ्याचं बूच. चार बोटं देठ ठेवून कापला, उन्हात सुकवला, तर तो वसंतापर्यंत दगडासारखा राहतो. देठ मोडला की तिथून हवा शिरते, ओल शिरते, आणि पंधरा दिवसांत आतून लगदा. हे तिने नवऱ्याला सांगितलं. आवाज चढवून नाही. एखाद्याला बस कुठे थांबते ते सांगावं तसं.

“मला काय ठाऊक?” मापसाहेब म्हणाले. “तू कधी बोलली नाहीस.”

बोलली नव्हती हे खरं. पण सहा वर्षं दर पानगळीला, याच अंगणात, यांच्याच डोळ्यांदेखत, तिने एकेका देठावर चार बोटं ठेवून माप घेतलं होतं आणि मगच सुरी चालवली होती. आणि जन्मभर माप बघायची नोकरी केलेला माणूस तीन हातांवर पायरीवर बसून ते बघत होता. क्षणभर तिला वाटलं की मुद्दाम केलं. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या चेहऱ्यावर, शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या पोराला घरी कुणी विचारू नये, तसं काहीतरी होतं. मुद्दाम नव्हतं. मुद्दाम असतं तर बरं झालं असतं. त्यांनी खरोखरच कधी पाहिलं नव्हतं. ना देठ, ना बोटं.

तिने तिकीट खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवलं, मोठी सुरी आणली आणि पाटावर बसली. बावीस भोपळे. साल काढायची, बिया काढायच्या, पातळ फोडी करायच्या, दोऱ्यात ओवून शेगडीवर वाळवायच्या. वर्षभराचं अन्न आणि गल्लीचा वाटा डोळ्यांसमोर सडू द्यायचा, असं या हातांना येत नव्हतं.

“किती दिवस लागतील?” न्हाव्याच्या बायकोने भिंतीवरून विचारलं. तिच्या आवाजात आज चेष्टा नव्हती.

“चार. वाळवणं धरून पाच.”

“आणि गाडी?”

“एवढं आटोपलं की,” निघालेबाई म्हणाली, आणि वाक्य तिथेच थांबलं. पुढचा तुकडा तोंडातून बाहेर आला नाही. न्हाव्याच्या बायकोने ओली चादर उचलून दोरीवर टाकली, आणि त्या चादरीमागे दोघी एकमेकींना दिसेनाशा झाल्या.

पहिला भोपळा पाळण्याचा होता. तिने तो चिरला. दुसरा पावाचा. तोही चिरला. ऊन भिंतीवर चढत गेलं. मापसाहेबांनी तराजू पुसून आत नेला, बाहेर येऊन विचारलं की मी बिया वेचू का, आणि पायरीवर बसून बिया वेचायला लागले. तिसऱ्यासाठी हात पुढे करताना निघालेबाई ओळीकडे बघत राहिली. कात्री होती, किल्ली होती, चष्मा होता. होडी नव्हती.

मग तिला आठवलं. होडीचा वेल यंदा अवजारांच्या खोपटावर चढला होता, आणि ती होडी वर पत्र्यावर होती. मापसाहेबांचा गुडघा शिडी चढत नव्हता.

तिने सुरी पाटावर ठेवली, शिडी लावली आणि वर गेली. होडी वाळक्या पानांत बसली होती. शीड थोडं कलंडलेलं, कोरताना सुई घसरली होती म्हणून. देठ शाबूत. तिने सवयीने चार बोटं ठेवली आणि मग तिच्या लक्षात आलं की सुरी खाली राहिली आहे. ती तिथेच पत्र्यावर बसली.

खोपटाच्या छपरावर ती कधीच अशी बसली नव्हती. वेल चढवायचा, खाली उतरायचं, एवढंच. आता सूर्य घरांच्या मागे जात होता आणि सगळी बाग तिच्या पायांखाली होती. केवढीशी दिसत होती. चौघडी घातलेल्या चादरीएवढी. घेवड्याचा मोकळा मांडव, कोबीच्या दोन ओळी, सफरचंदाचं एक झाड, आणि अंगणात वाटीएवढे दिसणारे वीस भोपळे. भोवती दुसऱ्यांची छपरं, दुसऱ्यांची अंगणं, त्यापुढे रस्ता, आणि रस्ता पुढे कुठेतरी जात होता. एवढ्याशा जागेत दहा वर्षं मावली, हे तिला काही केल्या पटेना. ती मोजून बघत होती की यात आपण नेमक्या कुठे उभ्या असायचो.

“अगं, अंधारायला आलं,” खालून मापसाहेब म्हणाले. “टोमॅटोंवर चादरी घालायच्यात ना?”

“सुरी द्या,” ती म्हणाली.

त्यांनी शिडीच्या दोन पायऱ्या चढून सुरी वर दिली. तिने देठ चार बोटं ठेवून कापला, होडी पोटाशी धरून खाली आली, आणि सरळ घरात गेली. पाट आवरला नाही. टोमॅटोंवर चादरी घातल्या नाहीत.

सकाळी मागचं दार उघडलं तेव्हा बाग पांढरी झाली होती. टोमॅटोची झाडं काळी पडून काठ्यांवर लोंबत होती. दर वर्षी हा देखावा होऊ नये म्हणून ती पहाटे उठून चादरी सारख्या करायची. आज ती दारात उभी राहून पाहत राहिली, चहा पिऊन झाला, मग तिने दार लावून कडी घातली. जुन्या शर्टाच्या कापडाची एक लांबट पिशवी तिने कधीतरी शिवून ठेवली होती. तिच्यात होडी बरोबर बसली, फक्त देठ बाहेर राहिला. दुसऱ्या खांद्याला प्रवासी पिशवी. कोट. खिशात तिकीट.

मापसाहेब फाटकाशी आले. हातात चष्म्याचा भोपळा होता. सकाळपासून ते भोपळे पुढच्या दारापाशी आणून ठेवत होते. “यांचं काय करायचं तेवढं सांगून जा,” ते म्हणाले. या वेळी ते सहज म्हटलेलं नव्हतं.

“वाटा. पंधरा दिवस आहेत. ज्याची खूण त्याच्या घरी. लगेच चिरा म्हणावं, ठेवून देऊ नका.”

“मी? घरोघरी?”

“तीस वर्षं दुकानोदुकानी हिंडलात की.”

त्यांनी हातातल्या भोपळ्याकडे पाहिलं. त्या पांढऱ्या रेघा त्यांनी काल वीस-बावीस वेळा हाताळल्या होत्या, धुतल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी खडूने वजनं लिहिली होती. आता पहिल्यांदाच वाचत असल्यासारखे ते म्हणाले, “हा मास्तरीणबाईंचा?”

“हो. आणि पाळणा-पाव काल चिरून झालेत. त्या फोडी सुईणीच्या आणि पाववाल्याच्या. डब्यातून द्या.”

“आणि यातला आपला कोणता?”

“आपली खूण मी कधी काढलीच नाही,” ती म्हणाली. “वाटून उरायचा तो आपला.”

त्यांचं लक्ष तिच्या पिशवीकडे गेलं. सवयीने हात पुढे झाला. “याचं वजन राहिलं.”

“असू द्या. देठासकट नेते.”

तिने फाटक उघडलं. ते ओढून बंद करायला मापसाहेबांना हात मोकळा नव्हता, म्हणून ते उघडंच राहिलं. भिंतीपलीकडे न्हाव्याची बायको उभी होती, बादली कमरेला, कपडे वाळत घालायची वेळ झाली नव्हती तरी.

“काय निघालेबाई,” तिने विचारलं, “आटोपलं का सगळं?”

“नाही,” निघालेबाई म्हणाली, आणि चालायला लागली.

ती हळू चालत होती. एका बाजूला भोपळ्याचं वजन, एका बाजूला पिशवीचं. पहिल्या काही पावलांना ती डावीकडे कलली, मग पट्टा सारखा केला आणि सरळ झाली. कुलपांच्या दुकानापाशी तिने वळून पाहिलं नाही. पावाच्या भट्टीपाशीही नाही. न्हाव्याच्या बायकोने बादली खाली ठेवली आणि दोन्ही कोपरं भिंतीवर टेकली. मापसाहेब फाटकात उभे होते, साडेसात किलोचा भोपळा दोन्ही हातांवर घेऊन. तो खाली ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. ती कोपऱ्यावर वळली. आधी कोट दिसेनासा झाला, मग पिशवी, आणि सगळ्यात शेवटी, पिशवीतून बाहेर राहिलेला तो चार बोटं देठ.